ओल किती, कोरड किती

टॉवेलची गुंडाळी उलगडली आणि कडकमामांचे हात जागच्या जागी थांबले. आत ओळीने निजवलेले चिरूट रात्रीतून फुगले होते, आणि फुगता फुगता त्यांच्या अंगावरच्या पानांना उभ्या चिरा गेल्या होत्या. कुणी शिवणीत उसवल्यासारखा, कुणी थंडीत ओठ फुटल्यासारखा. एकाचं वरचं पान तर अख्खं सुटून आलं होतं. बटण तुटलेल्या बाहीसारखं ते लोंबत होतं.

"काय केलंस?" दारातूनच पेटीकाकांनी विचारलं.

पेटीकाका म्हणजे या चिरूटखोलीचे जुने राखणदार. डोळ्यांत सायीसारखा पडदा आलेला, समोरचं माणूस त्यांना आता आकारावरून ओळखावं लागे. पण नाक शाबूत होतं. खोलीत ओल्या पाल्याचा वास कोंदला होता, त्यावरूनच त्यांनी ताडलं होतं की काहीतरी बिघडलंय.

"ओल दिली," मामा म्हणाले. "प्रवासातून आलेला डबा. तुम्हीच म्हणालात, कोरडा पडलाय, याला ओल लागेल."

"कशी दिलीस?"

"शिंपडली. हातानं, थेंब थेंब. मग ओल्या टॉवेलात गुंडाळून रात्रभर मुरत ठेवले."

पेटीकाका चाचपडत आले, स्टुलावर टेकले. एक फुटका चिरूट हातात घेऊन त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"आणि सकाळी इस्त्री मारणार होतास?"

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता दमला. "चूक तुझी नाही," मग तो म्हणाला. "माझी. मी सांगितलं नाही, आणि तुला जे ठाऊक होतं ते तू केलंस."

ठाऊक होतं ते असं. कांजी दिलेलं कापड वाळलं की पुठ्ठ्यासारखं होतं, त्याच्यावर इस्त्री चालत नाही. त्यावर हाताने पाणी शिंपडायचं, घट्ट गुंडाळी करायची, रात्रभर ठेवून द्यायची. सकाळी उलगडावं तर ओल धाग्याधाग्यात सारखी मुरलेली असते. मग इस्त्री अशी जाते, जशी पाण्यावरून होडी. कडकमामांचं सगळं आयुष्य या मुरण्यावर गेलं होतं. हॉटेलच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, बॉयलरच्या शेजारी धुलाईखाना होता. तिथे उमेदीत आले, तिथेच केस पिकले. त्यांच्या हातचा सदरा खुर्चीवर उभा केला तर माणसासारखा उभा राही, म्हणून लोकांनी त्यांना 'कडक' म्हणायला सुरुवात केली. पुढे वय झालं, तसा मागे 'मामा' लागला. माणूस मात्र मऊ होता, धुतल्या मलमलीसारखा. बायकोशीसुद्धा आवाज चढवायचा तर आधी घसा खाकरावा लागे.

मग एक दिवस वरच्यांनी ठरवलं, धुणं बाहेर द्यायचं. यंत्रं उचलून नेली. बॉयलर थंड पडला. धुलाईखान्यातली माणसं, वाळत घातलेल्या कपड्यांतून वारा शिरावा तशी, जिकडे तिकडे पांगली. मॅनेजर वयाने लहान, पण जीभ नीट असलेला माणूस. त्याने मामांना बोलावून घेतलं.

"मामा, पेटीकाका चाललेत लेकीकडे, डोळ्यांपायी. चिरूटखोली सांभाळाल? तिथेही ओलीचंच काम आहे, तुम्हाला वाफेची सवय."

"मी विडीही कधी ओढली नाही साहेब."

"ओढायची नाहीयेच. राखायची आहे." मग कागद सारखे करत तो म्हणाला, "काम राहिलं तर खोली राहील. हे तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. धुलाईखान्याच्या माथ्यावर जिना चढून एक खोली होती, कामाबरोबर मिळालेली. लग्न करून आणलेली बायको मामांनी त्याच खोलीत आणली, लेक तिथेच रांगला, तिथूनच कामाला लागून दूर शहरात गेला. मामा चिरूटखोलीला हो म्हणाले ते त्या खोलीसाठी. चिरूट म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा इतकंच ठाऊक होतं की त्याची राख साहेबलोकांच्या पँटीवर पडते आणि तिचा डाग सहज निघतो.

*

पेटीकाकांचं शिकवणं म्हणजे निम्मं शिकवणं, निम्मं टोमणे.

"हे काय आहे?"

"पाण्याचं भांडं."

"पाणी कुठलं?"

"नळाचं."

"झालं. उद्या बुरशीचं पीक काढ, परवा विकायला बस. अरे, नळाच्या पाण्यात काय काय असतं. गाडीच्या बॅटरीत घालतात ना, तसलं निव्वळ पाणी आणायचं. पान नाजूक असतं. त्याला जेवण नको असतं, नुसती हवा हवी असते."

काचेची भिंत असलेली ती लहानशी खोली, आत देवदाराची कपाटं, कपाटांत साहेबलोकांचे कुलपाचे कप्पे, ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या कप्प्यात, एक किल्ली साहेबाकडे, एक राखणदाराकडे. भिंतीवर एक गोल डबी, तिच्यात काटा. हवेत ओल किती आहे ते तो सांगे. काटा सत्तरच्या किंचित अलीकडे हवा. पलीकडे गेला तर पान फुगतं, बुरशी धरतं, पेटवलं तर धुमसतं आणि विझतं. फार अलीकडे आला तर पान चुरचुरतं, हातात भुगा होतो, आणि ओढणाऱ्याचा घसा जाळतो.

"आणि काटाच खोटा बोलत असेल तर?" मामांनी एकदा विचारलं.

पेटीकाका खूश झाले. "आता विचारलंस कामाचं. मीठ आण."

त्यांनी बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घातलं, आणि ते झाकण नि काट्याची डबी एका बरणीत घालून बरणी गच्च बंद केली. "उद्या बघ. ओल्या मिठाच्या संगतीत हवा नेहमी पाऊणशेवर येऊन थांबते. राजा असो, रंक असो, पाऊणशे. काटा जितका मागेपुढे दिसेल, तितकं त्याचं खोटं. एकदा माणसाचं खोटं किती ते कळलं, की त्याच्याबरोबर सुखानं राहता येतं."

"म्हणजे काट्याच्या का माणसाच्या?"

"तू बरणी फडताळात ठेव."

हे सगळं मामा शिकले. अंगाला ते मानवत मात्र नव्हतं. इतकी वर्षं वाफेत काढलेला देह. त्याला ओल म्हटली की भिजलेली, दाट, श्वासाला चिकटणारी ओल. चिरूटखोलीत शिरलं की त्यांना वाटे, ही पोरं उपाशी आहेत. मग नकळत पाण्याच्या भांड्याचं झाकण जरा जास्त सरकवलं जाई. काटा चढे. संध्याकाळी काचेबाहेरच्या बैठकीत कुणाचा चिरूट तीन तीनदा विझे आणि पेटीकाका काचेआडून हाका मारीत, "कोण पाजतंय रे यांना चोरून?"

एकदा त्यांनी मामांना जवळ बसवलं.

"हे बघ. तुला जे बरं वाटतं, ते यांना बरं नाही. चांगलं राखलेलं पान कसं असावं? रडून झालेल्या माणसासारखं. डोळे ओले नाहीत, आणि कोरडेही नाहीत. तेवढंच."

मामांनी मान हलवली.

"काटा हवेचं सांगतो, पानाचं नाही. पानाचं बोटांना विचारायचं. असं धर, अंगठा नि बोटाच्या मधे. हलकेच दाब. दबलं पाहिजे आणि सावकाश परत आलं पाहिजे. कळलं?"

मामांनी धरलं. दाबलं. काही कळलं नाही. पुन्हा दाबलं. म्हाताऱ्याने हात पुढे करून मामांची बोटं चाचपली, टोकं नखाने खरवडून पाहिली. गरम इस्त्रीचे चटके खाऊन खाऊन ती खडीसारखी झाली होती. निखारा उचलतील, पण मोहरीचा दाणा हातात आहे की नाही हे सांगायला त्यांना डोळ्यांची मदत लागेल.

"ही बोटं आहेत की चिमटे," पेटीकाका म्हणाले. पण या वेळी त्यात टोमणा नव्हता.

*

"जमेल तुम्हाला?" बायकोने विचारलं.

जेवणं झाली होती. मामा पलंगाच्या कडेला बसून तळपायाच्या भेगांत मलम भरत होते. खालचा बॉयलर चालू होता तेव्हा जमिनीच्या फटींतून ऊब यायची, ओल यायची. त्या दोघांच्या अंगाला ती अशी सवयीची झाली होती, की ती आहे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता भिंतीतल्या गरम नळ्यांची सुकी ऊब. त्या उबेने ओठ फुटत, टाचा फुटत, सकाळी उठलं की घसा लाकडासारखा. बायकोनेही जन्मभर धुलाईखान्यात घड्या घातल्या होत्या. तिच्या हातांची सालं निघत होती.

"बोटांना कळत नाही," मामा म्हणाले.

"दिवसभर त्या पानांना पाणी पाजता, आणि इथे माझ्या तोंडाचं वाळवंट झालंय. त्यांच्या शेजारीच एखादा कप्पा बघा मला."

"कुलूप असतं त्याला."

"मग तर बरंच. कुणी हाक मारणार नाही."

ती हसली नाही, तेही हसले नाहीत. असं बोलणं त्यांच्यात इतकं जुनं झालं होतं, की हसू त्यात मुरूनच गेलं होतं.

लेकाचा फोन आला होता. या ना इकडे, म्हणत होता. सून भली होती, तीही मागून म्हणत होती, या ना. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत सोफा होता, तो ओढला की पलंग व्हायचा. सकाळी ढकलला की पुन्हा सोफा.

"जाईन मी," बायको म्हणाली. "पाहुणी म्हणून कितीदाही जाईन. आश्रयाला नाही जाणार. रोज सकाळी आपलं अंथरूण दुसऱ्याच्या बैठकीखाली ढकलायचं, या वयात होणार नाही माझ्याच्यानं." तिने दिवा बारीक केला. "तेव्हा बोटांना सांगा, शिका म्हणावं."

*

महिनाअखेरीस पेटीकाका गेले. लेक न्यायला आली होती. जाताना त्यांनी काचेला हात लावला, काट्याकडे तोंड केलं, पण काटा काही त्यांना दिसला नसावा. "दार उघडं टाकून उभा राहत जाऊ नकोस," एवढंच म्हणाले. "आत जायचं तर जा, बाहेर यायचं तर ये. उंबऱ्यात उभ्या माणसानं दोन्हीकडची हवा जाते."

त्यानंतर थंडी वाढली. हॉटेलभर नळ्या तापल्या आणि सगळीकडची हवा पापडासारखी झाली. काटा जागेवर होता. मिठाने तपासला, तरी जागेवर. पण मामांच्या मनाला ते पटेना. कपाटाच्या तळचा कप्पा भिंतीच्या नळीला लागून होता. तिथल्या पानांचं काय चाललंय, हे भिंतीवरच्या काट्याला काय ठाऊक? त्यांनी तळच्या डब्यातला एक चिरूट उचलला, दाबला, बोटं मुकी. पुन्हा दाबला. आणि मग, काही विचार न करता, आयुष्यभर वाळत घातलेल्या चादरींना करत आले तसं, तो त्यांनी गालाला लावला.

चादर वाळली की नाही हे हाताला नेहमी कळत नाही. गालाला कळतं. ओल राहिली असेल तर गालाला गार लागतं, लपवलेल्या गोष्टीसारखं. धुलाईखान्यात सगळेच तसं करीत, बायामाणसं, बापेमाणसं, गठ्ठ्यांवर गाल टेकून.

चिरूट गालाला खरखरीत लागला. तहानलेला.

त्यांनी वरच्या कप्प्यातला घेतला. तो रेशमी लागला, किंचित गार, निजलेल्या लेकराच्या कपाळासारखा. मामांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना पान काय म्हणतं ते ऐकू आलं.

तळचे डबे त्यांनी वर नेले, वरचे मधे आणले, नळीच्या बाजूला देवदाराच्या फळ्या लावल्या. रोज दुपारी, बैठक रिकामी असताना, प्रत्येक कप्प्यातले एक-दोन गालाला लावून पाहायचे, आणि त्या अंदाजाने भांड्याचं झाकण सरकवायचं. केस सरकवावा इतकंच. अधिकाचा मोह आला की पेटीकाकांचं म्हणणं आठवायचं, तुला बरं वाटतं ते नव्हे.

हिवाळा सरत आला तसं बैठकीतलं बोलणं काचेआडून कानावर येऊ लागलं. या वर्षी चिरूट फार छान राखलेत. वकीलसाहेब तर पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येत. आपला कप्पा उघडून दाखवत आणि म्हणत, "घरी ठेवून पाहिले हो, नाही टिकत. इथला माणूस काय करतो कोण जाणे." मामा कोपऱ्यात उभे राहून काच पुसत.

"अहो, तुमच्या अंगाला लाकडाचा वास येतो हल्ली," बायको म्हणाली.

"चांगला की वाईट?"

"कपाटाचा येतो. ठेवणीतल्या लुगड्यांच्या."

"मग चांगलाच की."

"मी कुठे वाईट म्हटलं."

मॅनेजरनेही जिन्यात गाठून सांगितलं, "मामा, उन्हाळा असाच निभावला की खोलीचं कायमचं लिहून घेतो वरून." त्या रात्री बायकोने खिडकीच्या पडद्यांचं माप घेतलं. मग मापाच्या दोरीला गाठ मारून दोरी उशाखाली ठेवली.

*

वकीलसाहेब दुपारचे कधी येत नसत. त्या दिवशी आले. मामा त्यांच्याच कप्प्यापाशी होते. डबा उघडा, एक चिरूट गालाला, डोळे मिटलेले. उघडले तेव्हा काचेपलीकडे वकीलसाहेब उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. हातात टोपी होती.

ते आत आले. दार त्यांनी नीट लावून घेतलं.

"हे रोज करता?"

"हो साहेब."

"माझ्याच डब्याला?"

"नाही. सगळ्यांच्या."

मामांना वाटलं, समजावून सांगावं. बोटांना कळत नाही, गालाला कळतं, म्हणून पानं अशी राहिलीत, म्हणून तुम्ही पाहुणे आणता. पण वकीलसाहेबांचा हात नकळत स्वतःच्या ओठांपाशी गेलेला त्यांनी पाहिला. तो हात पाहिल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

वकीलसाहेब ओरडले नाहीत. ओरडणारा माणूसच नव्हता तो. "छान ठेवायचात तुम्ही," ते हळू म्हणाले. "मी सगळ्यांना सांगायचो." मग डब्याकडे न पाहता त्यांनी कप्प्याची किल्ली फळीवर ठेवली. "हा डबा मला नको आता."

संध्याकाळपर्यंत आणखी तिघांच्या किल्ल्या फळीवर आल्या. उरलेल्यांनी किल्ल्या स्वतःकडेच ठेवल्या, पण त्या दिवशी चिरूट कुणी मागितला नाही.

"मामा, तोंड लावता तुम्ही?" मॅनेजर म्हणाला. डोकं त्याने हातात धरलं होतं.

"तोंड नाही साहेब. गाल."

"गाल तोंडालाच असतो ना, मामा."

भिंतीतल्या नळीत पाणी गुडगुडलं.

"तुम्हाला चुकलात म्हणावं, तर चिरूट उत्तम आहेत. नाही म्हणावं, तर कप्पे रिकामे होतायत. मी वर काय सांगू?" त्याचाही आवाज थकलेला होता. "फाटकावर जागा आहे, पहाऱ्याची. पण तिच्याबरोबर खोली नाही. ही खोली चिरूटखोलीच्या माणसाला लागेल."

"पहारा नाही होणार साहेब. पाय उभे राहत नाहीत."

"मला माहीत होतं," मॅनेजर म्हणाला. "तरी विचारलं पाहिजे म्हणून विचारलं."

*

घरी येऊन मामांनी सगळं सांगितलं. ते उंबऱ्यात उभे नाही राहिले. आत येऊन बसले, आणि मग सांगितलं. बायको ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने डाळ ढवळली, गॅस बंद केला.

"त्यांचं तरी काय चुकलं?" ती म्हणाली. "तुम्ही उष्टावलेला पेला मी विसळल्याशिवाय कुणा पाहुण्यापुढे ठेवते का?"

"नाही."

"मग."

"धुलाईखान्यात तर सगळेच..."

"चादर कुणी तोंडात धरत नाही." तिने ताटं मांडली. वाढता वाढता पुन्हा म्हणाली, "म्हणायचं होतं, साहेब, पहिल्यांदाच लावला. तुमचाच, एकच."

"सुचलं नाही."

"तुम्हाला कधी सुचलंय." ती समोर बसली. "लग्नात माझ्या बापानं विचारलं, मुलाला पक्की नोकरी आहे ना? तर तुम्ही म्हणालात, पक्की आहे असं म्हणतात. तेव्हाच समजले मी. जेवा."

दोघं जेवली. त्या रात्री तिने उशाखालची दोरी काढली, गाठ सोडली, आणि तिनेच गाठोडं बांधायला घेतलं.

सामान फार नव्हतं. पण जे होतं ते त्या खोलीच्या मापाचं होतं. शेल्फ काढलं तर भिंतीवर त्याची पांढरी सावली राहिली. शेवटी पलंगावरची चादर निघाली. मामांनी दोन टोकं धरली, बायकोने दोन. ताणली, झटकली, आणि दोघं एकमेकांकडे चालत आली, टोकाला टोक लावत. धुलाईखान्यातल्या बायका घड्या घालताना म्हणत ते तिच्या ओठांवर आलं, अर्धं सुरात, अर्धं श्वासात.

चादरीची टोकं चार, दोन तुला, दोन मला
जवळ येता येता बाई, दिस सारा घडी झाला

दुसरी ओळ तिने पुरती म्हटली नाही. तिचा हात मामांच्या हाताला लागला, तिने टोकं काढून घेतली आणि चादर ट्रंकेत ठेवली.

"सोफ्यावर तुम्ही भिंतीकडून झोपा," ती म्हणाली. "मला पहाटे उठावं लागतं."

*

चिरूटखोली रिसेप्शनवरच्या ताईंकडे गेली. हुशार बाई, दोन लेकरांची आई. नव्या कामावर वैतागलेली, तरी ऐकत होती नीट. मामांनी त्यांना सगळं सांगितलं. पाणी कुठलं, मीठ कसं, नळीजवळच्या फळ्या का. त्यांनी हातमोजे घातले होते, पांढरे, नवे.

"नव्या डब्यात लगेच भरायचे नाहीत," मामा म्हणाले. "नवं लाकूड तहानलेलं असतं, पानातली ओल पिऊन टाकतं. आधी लाकडाला पाजायचं, मग पानं ठेवायची."

"आणि काका, हात लावून कळतं म्हणतात. ते कसं?"

मामांनी एक चिरूट उचलून त्यांच्या हातात दिला. "अंगठा नि बोटात धरा. हलकेच दाबा. दबला पाहिजे आणि सावकाश परत आला पाहिजे."

ताईंनी हातमोजा काढला, दाबला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. "हो. कळतंय," त्या म्हणाल्या. "परत आला."

"मग झालं तर," मामा म्हणाले. "मला ते जमलं नाही."

येण्याजाण्याने, बोलण्याने, दाराच्या उघडझापीने काटा खाली आला होता. मामांनी झाकण केसभर सरकवलं, दोघं बाहेर आली, दार लागलं. ताई किल्ली घेऊन आपल्या टेबलाकडे गेल्या. मामा काचेशी उभे राहिले. काटा थरथरला, चढला, पुन्हा थोडा उतरला, आणि अखेर सत्तरच्या अलीकडे, जिथे टेकायला हवा तिथे टेकला. तेव्हा त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. स्टुलाच्या कडेला त्यांचा मफलर होता.

बायको मागच्या दाराशी ट्रंक घेऊन उभी होती. बाहेर वारा सुटला होता.

"मफलर कुठाय?"

"आत राहिला."

"मग आणा की. त्या ताई उघडून देतील."

"देतील." मामांनी ट्रंकेची एक कडी धरली. "काटा आत्ता कुठे टेकलाय. दार उघडलं की परत पडेल."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरी कडी धरली, आणि चार पावलं गेल्यावर ट्रंक खाली ठेवून, मामांना दुसऱ्या कडीकडे सारत त्यांच्या बाजूला आली, जिकडून वारा येत होता तिकडे. दोघांनी ट्रंक पुन्हा उचलली.